नोंदवहीतला माणूस : वर्ध्यातील आरोग्य-नोंदींचा इतिहास

१.

वैद्यकीय माहितीशास्त्र म्हटले की संगणकच डोळ्यांसमोर येतो. रुग्णालयाच्या खिडकीमागचा पडदा, त्यावर उमटणारा नोंदणी क्रमांक आणि हातात पडणारी छापील चिठ्ठी हे चित्र आता तालुक्याच्या गावीही सवयीचे झाले आहे. या विद्याशाखेचा इतिहास लिहिणारे बहुधा १९६० च्या दशकातील अमेरिकेपासून आरंभ करतात. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात त्या दशकाच्या उत्तरार्धात सिद्ध झालेली 'मम्प्स' ही संगणकप्रणाली आणि रुग्णाच्या समस्या क्रमवार मांडून त्याभोवती केसपेपर रचण्याची लॉरेन्स वीड यांची १९६८ सालची सूचना हे त्या इतिहासातले पहिले टप्पे होत. हा क्रम यंत्राच्या दृष्टीने बरोबरच आहे. परंतु या शास्त्राचे मूळ द्रव्य यंत्र नसून नोंद आहे, असे मानले तर आरंभबिंदू मागे सरकतो आणि त्याचे स्थळही बदलते. असे एक स्थळ वर्धा जिल्ह्यात आहे, असे आम्हांस वाटते.

साहित्याच्या अभ्यासकांनी या विषयात का शिरावे, असा प्रश्न काही वाचक विचारतील. त्याचे उत्तर असे की, नोंद हाही एक गद्यप्रकार आहे. तिला लेखक असतो, ठरलेले संकेत असतात, गाळलेल्या जागा असतात आणि तिने मनाशी धरलेला एक वाचकही असतो. डॉक्टर रुग्णाला प्रश्न विचारून जे टिपून घेतो, त्याला वैद्यकाच्या बोलीत 'हिस्टरी घेणे' म्हणतात, हे नुसत्या योगायोगाचे नाही. एका माणसाचे भोगणे दुसऱ्याने थोडक्यात लिहायचे आणि तिसऱ्याने ते वाचून काही कृती करायची, अशी ही रचना आहे. कथा-कादंबरीच्या संदर्भात आपण विचारतो तेच प्रश्न येथेही विचारता येतात. हे कोणी लिहिले? कोणासाठी लिहिले? ज्याच्याविषयी लिहिले त्याचे काय झाले? शेवटचा प्रश्न कादंबरीच्या बाबतीत विचारला नाही तरी चालतो. नोंदीच्या बाबतीत तो टाळता येत नाही.

प्रस्तुत लेखात हे प्रश्न आम्ही एकाच रोगाच्या वाटेने विचारणार आहोत. तो रोग म्हणजे कुष्ठरोग. नोंद होण्याची सर्वाधिक गरज ज्या रुग्णाला होती, त्याच रुग्णाला नोंदीचे सर्वाधिक भय होते, म्हणून ही निवड.

२.

वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला आणि पुढे १८६६ च्या सुमारास पालकवाडी या खेड्याच्या जागी आजचे वर्धा शहर वसले. मध्य प्रांतातील इतर जिल्ह्यांप्रमाणे येथेही गावातील जन्म-मृत्यूची खबर पोलीस ठाण्यापर्यंत नेण्याचे काम कोतवालाकडे असे. कोतवाल बहुधा निरक्षर. तो तोंडी सांगणार आणि ठाण्यातला कारकून लिहून घेणार. मृत्यूच्या कारणांचे रकाने मोजकेच होते : पटकी, देवी, ताप, हगवण, अपघात, इतर. ज्या मरणाचे कारण कळत नसे ते बहुतेक 'ताप' या रकान्यात जाऊन पडे. या आकड्यांवरून साथ कोणत्या दिशेने सरकते आहे हे जिल्ह्याच्या ठिकाणी बसून कळू शकत होते. ज्या घरात मरण आले त्या घराला मात्र या नोंदीतून काही परत मिळत नसे. माहिती वर जाई आणि तेथेच राही.

कुष्ठरोग मरणाच्या या नोंदीत फारसा दिसणे शक्यच नव्हते, कारण तो रोग माणसाला लवकर मारत नाही. तो मोजला गेला जनगणनेत. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९३१ पर्यंतच्या जनगणनांमध्ये 'व्यंगे' नावाचा एक भाग असे. वेडे, मूकबधिर, आंधळे आणि कुष्ठरोगी अशा चार वर्गांत माणसे मोजली जात. मोजणारा म्हणजे गावचा शिक्षक, पटवारी किंवा लिहिता-वाचता येणारा कोणीही. त्याला रोगाची ओळख असण्याचे कारण नव्हते. त्यामुळे अंगावर पांढरे डाग असलेला कोडाचा माणूस अनेक ठिकाणी कुष्ठरोगी म्हणून मोजला गेला. कोड वगळावे, अशी सूचना मोजणाऱ्यांना द्यावी लागली. तरीही घोळ संपला नाही.

या घोळाला भाषेचेही अंग होते. आयुर्वेदात 'कुष्ठ' ही एक मोठी छत्री आहे. तिच्याखाली त्वचेचे अठरा विकार येतात. बोलभाषेत त्याच रोगाला 'रक्तपिती' म्हणत आणि 'महारोग' हा शब्द तर रोगाचे नाव सांगण्यापेक्षा भीतीचे माप सांगणारा. इंग्रजीतला एक शब्द रकान्याच्या डोक्यावर छापला आणि त्याखाली या सर्व शब्दांचा गाळ साठला. दुसरीकडे, ज्या घरांतील स्त्रियांना हा रोग झाला होता ती घरे त्यांना लपवीत. त्यामुळे स्त्रियांचे आकडे विश्वासार्ह नाहीत, अशी तक्रार खुद्द जनगणनेचे अधिकारी करीत. म्हणजे ज्यांना रोग नव्हता ते मोजले गेले आणि ज्यांना होता ते निसटले. १८९८ सालच्या कायद्याने भिक्षा मागणाऱ्या कुष्ठरोग्याला पकडून आश्रमात डांबण्याची तरतूद केली होती, हे लक्षात घेतले तर लपवण्यामागे शहाणपणच होते असे म्हणावे लागेल. ज्या नोंदीचा वाचक पोलीस असेल, त्या नोंदीपासून माणूस पळणारच.

३.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगाव या खेड्यात राहायला आले. पुढे १९४० साली या गावाचे नाव 'सेवाग्राम' झाले. या नामांतराकडे आपण आज आदर्शाच्या भाषेत पाहतो. त्यामागचे तात्कालिक कारण मात्र टपालाचे होते. बुलढाणा जिल्ह्यात याच रेल्वेमार्गावर शेगाव आहे आणि सेगावची पत्रे तेथे जाऊन पडत. दोन जवळपास सारख्या नावांमुळे पत्र चुकीच्या दारात जाते आणि खरा धनी वाट पाहत राहतो. माहितीशास्त्रात आज ज्याला रुग्णाच्या एकमेव ओळखीचा प्रश्न म्हणतात, त्याचे इतके साधे उदाहरण दुसरे सापडणे कठीण. रुग्णालयात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे आणि एकाच गावचे दोन रुग्ण एका दिवशी आले की हेच घडते. फरक इतकाच की, तेथे पत्राऐवजी रक्ताचा तपासणी-अहवाल चुकीच्या दारात जातो.

सेवाग्रामात १९३९ साली परचुरे शास्त्री आले. ते संस्कृतचे पंडित, गांधीजींचे येरवड्याच्या तुरुंगातले सहबंदी आणि कुष्ठरुग्ण. आश्रमाने त्यांना ठेवून घेतले आणि गांधीजी स्वतः त्यांची शुश्रूषा करू लागले. त्यांच्या अंगाला मालीश करतानाचे गांधीजींचे छायाचित्र सर्वपरिचित आहे. त्याच्या तीन वर्षे आधी, १९३६ साली, विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळच्या दत्तपूर येथे कुष्ठधाम सुरू केले होते. परचुरे शास्त्रींचा अंत १९४५ साली तेथेच झाला. गांधीजींच्या रचनात्मक कार्यक्रमाच्या अठरा कलमांत कुष्ठरुग्णांची सेवा हे एक कलम आहे. ही सर्व परंपरा सेवेची आहे, स्पर्शाची आहे. तिच्यात नोंदीला विशेष स्थान नाही, कारण एका माणसाची सेवा करायला त्याचे कार्ड लागत नाही. कार्ड लागते ते एक हजार माणसांपैकी कोणालाही विसरू नये यासाठी. सेवेच्या या भूमीत नोंदीची शिस्त आली ती पुढच्या टप्प्यावर.

४.

गांधीजींच्या निधनानंतर उभ्या राहिलेल्या गांधी स्मारक निधीतून १९५१ साली 'गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन' ही संस्था निघाली. तिचे मुख्यालय वर्धा. संस्थेच्या कार्यपद्धतीचे शिल्पकार डॉ. रा. वि. वारदेकर. त्यांच्यापुढील प्रश्न असा होता : आतापर्यंतचे काम आश्रमांतून होत आले. आश्रमात येतो तो रुग्ण बहुधा बोटे झडल्यावर, घराने टाकल्यावर येतो. संसर्गाचा आणि विकृतीचा प्रश्न मात्र त्याच्या कितीतरी आधी, गावातल्या घरातच सुरू झालेला असतो. १९४० च्या दशकात सल्फोन वर्गातली औषधे हाती आली होती. त्यांतले डॅप्सोन स्वस्त होते आणि गोळीच्या रूपात तोंडाने घेता येत होते. म्हणजे रुग्णाला घराबाहेर न काढता उपचार करणे शक्य झाले होते. उरला प्रश्न रुग्ण शोधण्याचा.

वर्ध्यात यातून जी पद्धत आकाराला आली तिचे नाव 'सर्वेक्षण, शिक्षण, उपचार'. इंग्रजी आद्याक्षरांवरून ती 'सेट' म्हणून ओळखली गेली. प्रशिक्षित कार्यकर्त्याने ठरवून दिलेल्या गावांतील प्रत्येक घरी जायचे, घरातील प्रत्येक माणसाची यादी करायची आणि उजेडात प्रत्येकाचे अंग तपासायचे. चट्टा दिसला तर तेथे संवेदना आहे की नाही हे कापसाने वा टोकाने स्पर्श करून पाहायचे. त्वचेजवळून जाणाऱ्या मज्जातंतू जाड झाल्या आहेत का, हे बोटांनी चाचपायचे. रोग सापडला तर रुग्णाचे कार्ड तयार करायचे. त्यावर माणसाच्या देहाची पुढची आणि मागची अशा दोन बाह्यरेखा असत. चट्टा जेथे असेल तेथे त्या रेखाकृतीवर खूण करायची. मग औषध द्यायचे, घरच्यांना रोग समजावून सांगायचा आणि ठरल्या दिवशी परत यायचे. जो औषधाला आला नाही त्याचे नाव गैरहजेरीत दिसे आणि कार्यकर्ता त्याच्या घरी जाई.

१९५५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने ही पद्धत उचलली आणि देशभर नेली. कुष्ठरोग तंत्रज्ञ सायकलीवरून कार्डे आणि गोळ्या घेऊन गावोगाव फिरू लागला. संगणक भारतातील आरोग्यव्यवस्थेत येण्याच्या कितीतरी आधी लोकसंख्येची संपूर्ण यादी, प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र नोंद, देहावरील खुणांचा प्रमाणित आराखडा, ठराविक कालांतराने पुनर्भेट आणि निसटलेल्याचा शोध हे माहितीव्यवस्थेचे सर्व घटक येथे कागदावर जुळून आले होते. आजच्या प्रणाली जे करतात ते वेगाने करतात. कल्पनेच्या पातळीवर त्यांनी या कार्डात किती भर घातली, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

या कार्डाचे जनगणनेच्या रकान्याशी असलेले अंतर आपण नीट पाहिले पाहिजे. दोन्हींत माणसाचे नाव एकाच रोगाखाली लिहिले जाते. दोन्हींत लिहिणारा दुसराच असतो. परंतु रकाना भरणारा माणूस पुन्हा कधी त्या दारात येत नव्हता आणि कार्ड लिहिणारा पुढच्या महिन्यात त्याच दारात उभा राहत होता. त्याने चट्ट्याची खूण चुकीच्या जागी केली असेल तर ती त्यालाच पुढच्या वेळी दिसणार होती. नोंदीचा लेखक आणि वाचक एकच असल्यामुळे नोंदीत एक प्रामाणिकपणा येतो. तिसऱ्याला दाखवण्यासाठी लिहिलेल्या कागदात तो येणे अवघड असते.

अर्थात या पद्धतीचे गुणगान करताना तिची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य नाही. पांढऱ्या कपड्यांतला, सायकलीवरचा ओळखीचा माणूस एखाद्याच घरापुढे पुन्हापुन्हा थांबू लागला की गावाला कळायचे ते कळते. कार्ड पेटीत कुलूपबंद असले तरी सायकल उघड्यावर उभी असते. लग्नाच्या वयाची मुलगी घरात असेल तर त्या सायकलीची भीती रोगाच्या भीतीपेक्षा मोठी ठरत असे. म्हणूनच 'शिक्षण' हा शब्द 'सर्वेक्षण' आणि 'उपचार' यांच्या मधोमध आहे. गावाची समजूत बदलल्याशिवाय नोंद सुरक्षित होत नाही, हे त्या रचनेत गृहीत होते. माहितीची गोपनीयता आज आपण कुलपाच्या आणि पासवर्डच्या भाषेत बोलतो. वर्ध्याच्या या पद्धतीने ती शेजाऱ्याच्या मनात शोधली होती.

५.

१९८० च्या दशकात चित्र पालटले. डॅप्सोनला दाद न देणारे जंतू आढळू लागले होते. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन यांचा एकत्रित बहुविध औषधोपचार सुचवला. भारतात हा उपचार जिल्हावार सुरू झाला आणि आरंभीच्या मोजक्या जिल्ह्यांत वर्धा होता. १९८३ साली राष्ट्रीय कार्यक्रमाच्या नावातील 'नियंत्रण' जाऊन 'निर्मूलन' आले.

वैद्यकाच्या दृष्टीने ही मोठीच झेप होती. पूर्वी काही रुग्णांना डॅप्सोन वर्षानुवर्षे, क्वचित जन्मभर घ्यावे लागे. आता सौम्य प्रकाराला सहा महिने आणि तीव्र प्रकाराला दोन वर्षे पुरू लागली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ही दोन वर्षेही एका वर्षावर आली. उपचार पूर्ण झाला की रुग्णाचे नाव नोंदवहीतून कमी होई. ज्यांची नावे पिढीभर त्या वहीत होती ती एकेक करून सुटली. त्या सुटकेचा आनंद लहान मानू नये.

परंतु येथे नोंदीच्या गणिताचा एक प्रश्न उभा राहतो आणि तो साहित्याच्या विद्यार्थ्यालाही सहज समजण्यासारखा आहे. समजा, एका गावसमूहात दर वर्षी दहा नवे रुग्ण सापडतात. प्रत्येकाला दोन वर्षे उपचार असेल तर कोणत्याही दिवशी वही उघडली असता वीस नावे दिसतील. उपचार एका वर्षाचा केला तर दहा दिसतील. सहा महिन्यांचा केला तर पाच. नवे रुग्ण तेवढेच आहेत, रोगाचा प्रसार तेवढाच आहे, तरी वहीतली नावे चौथ्या हिश्श्यावर येतात. १९९१ साली जागतिक आरोग्य सभेने २००० सालापर्यंत कुष्ठरोगाच्या दूरीकरणाचे ध्येय ठरवले. त्याचे माप नोंदणीकृत रुग्णांचे प्रमाण हेच होते : दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी. भारताने ते माप डिसेंबर २००५ मध्ये गाठले. १९८० च्या दशकाच्या आरंभी हेच प्रमाण पन्नासच्या वर होते. या घसरणीत औषधाचे यश खरे आहे, कार्यकर्त्यांचे श्रम खरे आहेत; आणि उपचाराच्या मुदतीच्या व्याख्येचा वाटाही तितकाच खरा आहे.

त्यानंतर जे झाले ते आकड्याच्या वाचनातून झाले. प्रश्न सुटला असे आकडा सांगत होता. कुष्ठरोगासाठीची स्वतंत्र यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन होत गेली, घरोघरचे सर्वेक्षण मागे पडले आणि रुग्णाने आपण होऊन दवाखान्यात यावे अशी अपेक्षा उरली. यातला तर्क समजण्यासारखा आहे. सामान्य दवाखान्यात सामान्य रुग्णाप्रमाणे उपचार मिळणे ही कलंकमुक्तीचीच एक पायरी होती. मात्र नव्या रुग्णांची देशातली संख्या त्यानंतरही अनेक वर्षे दर वर्षी लाखाच्या वर राहिली. २०१६ साली निवडक जिल्ह्यांत घरोघर जाऊन पुन्हा शोधमोहीम घेतली तेव्हा हजारो न सापडलेले रुग्ण सापडले. ते आधीही होतेच. त्यांच्या दारात कोणी गेले नव्हते, एवढेच.

रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची दहावी आवृत्ती येथे आठवते. या वर्गीकरणाचे मूळ झाक बर्तियों यांनी १८९३ साली सादर केलेल्या मृत्युकारणांच्या यादीत आहे. दहाव्या आवृत्तीत कुष्ठरोगाला 'ए ३०' हा संकेतांक आहे आणि कुष्ठरोगाच्या उत्तरपरिणामांना 'बी ९२' हा वेगळा. ज्याचा रोग बरा झाला पण बोटे वाकलेली राहिली, ज्याच्या बधिर तळव्याला काटा रुतल्याचे कळत नाही आणि वर्षानुवर्षे जखम भरत नाही, त्याच्यासाठी जगाच्या यादीत एक घर आहे. यशाचे माप ज्या वहीवरून काढले गेले त्या वहीत मात्र त्याला घर नव्हते. उपचार संपताच तो मोजणीबाहेर गेला.

६.

सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नय्यर यांनी स्थापन केले. त्याला जोडलेले कस्तुरबा रुग्णालय त्याआधीच, १९४० च्या दशकात, उभे राहिले होते. येथील वैद्यकीय विद्यार्थी दत्तक गावात शिबिरासाठी राहतात. प्रत्येकाकडे काही कुटुंबे सोपवली जातात आणि त्या कुटुंबांच्या आरोग्याच्या नोंदी तो ठेवतो. हे कार्डाच्या परंपरेचेच पुढचे पाऊल आहे. याच रुग्णालयात २००० नंतरच्या दशकात सी-डॅकच्या साह्याने संगणकीय रुग्णालय माहितीप्रणाली आली. एका ग्रामीण रुग्णालयाने नोंदणीपासून प्रयोगशाळेच्या अहवालापर्यंतचा व्यवहार पडद्यावर आणणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. हरवलेला कागद, न लागणारे अक्षर आणि अहवालासाठी इमारतीभर फिरणारा नातेवाईक हे तिन्ही प्रकार अशा प्रणालीमुळे कमी होतात. खेड्यातून एस.टी.ने आलेल्या माणसाचा एक खेटा वाचणे म्हणजे एका दिवसाची मजुरी वाचणे.

सी-डॅकच्या रुग्णालय-प्रणालीचे नाव 'ई-सुश्रुत' आहे. ज्या सुश्रुताच्या संहितेत कुष्ठाच्या प्रकारांचे विवेचन आहे, त्याचेच नाव या प्रणालीला मिळाले. आमच्या मनात येते ते भाषेविषयी. सुश्रुताच्या नावाची ही प्रणाली रुग्णाच्या कोणत्या शब्दांत लिहिली जाते? वर्ध्याच्या खेड्यातला माणूस पायाला मुंग्या येतात म्हणतो, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही म्हणतो, हात जड झाला म्हणतो. या तीन वाक्यांत निदानाचा निम्मा भाग आहे. चप्पल निसटल्याचे न कळणे तर मज्जातंतूंच्या हानीची ठळक खूण आहे. केसपेपरवर यांपैकी बहुधा इंग्रजीतला एक शब्द उतरतो आणि संगणकात त्या शब्दाचा संकेतांक. भारत २०१४ साली 'स्नोमेड सीटी' या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिभाषेचा सदस्य झाला आणि त्याचे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे. अशा परिभाषेवाचून एका रुग्णालयाची नोंद दुसऱ्याला वाचता येणार नाही, हे मान्यच आहे. पण संकेतांकाकडे जाताना मधले मराठी वाक्य पुसले जाते. उद्या कोणी निदान तपासून पाहू म्हणेल तेव्हा त्याला चप्पल सापडणार नाही.

पुण्याच्या याच सी-डॅकने भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे काम केले, हे साहित्याच्या वाचकांना ठाऊक आहे. देवनागरी लिहिणे आता अवघड राहिलेले नाही. तेव्हा रुग्णाचे स्वतःचे वाक्य नोंदीत ठेवायचे की नाही, हा प्रश्न तंत्राचा उरलेला नसून नोंदीचा वाचक आपण कोण धरतो याचा आहे. केसपेपर रुग्णाच्या घरी जातो. तो घरच्या कोणालाही वाचता यावा असे वाटले तर मराठी आपोआप येईल.

७.

२७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्यात माणसाला चौदा अंकी 'आभा' क्रमांक मिळतो आणि वेगवेगळ्या रुग्णालयांतील त्याच्या नोंदी, त्याची संमती असेल तर, एकमेकींशी जोडता येतात. क्षयरोगासाठी 'निक्षय' ही ऑनलाइन नोंदप्रणाली २०१२ पासून आहे आणि कुष्ठरोगासाठी 'निकुष्ठ' आहे. सेगाव आणि शेगाव यांच्यातला घोटाळा या क्रमांकांनी मिटेल अशी आशा बाळगायला जागा आहे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले आणि व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला. १८९८ चा कुष्ठरोग्यांचा कायदा २०१६ साली रद्द झाला आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून २०१९ साली विवाहविषयक कायद्यांतून वगळले गेले. ही शेवटची तारीख आपण थांबून वाचावी. त्या वर्षापर्यंत दवाखान्यातली एक नोंद न्यायालयात पुरावा म्हणून मांडून एखाद्या स्त्रीचा संसार मोडता येत होता. तिने ती नोंद होऊ दिली नसेल तर तिला दोष कोणी द्यावा?

यावरून संमतीचा अर्थ किती अवघड आहे हे लक्षात यावे. पडद्यावरच्या चौकटीत खूण करणे म्हणजे संमती, असे तंत्र सांगते. ज्याला आपली नोंद कोण वाचणार हे ठाऊक नाही, त्याची खूण ही संमती म्हणता येईल का, असा प्रश्न वर्ध्याचा इतिहास विचारतो. सायकलीवरच्या माणसाचा चेहरा तरी रुग्णाला ओळखीचा होता. त्याला तो नको म्हणू शकत होता, उद्या ये म्हणू शकत होता, त्याच्यावर रागावू शकत होता.

जुन्या कार्डांकडे परत जावे, असे आम्ही सुचवत नाही. ती कार्डे वाळवी खाते, ती एका पेटीत अडकतात आणि गाव सोडून कामासाठी नागपूर-मुंबईला गेलेल्या रुग्णामागे ती जाऊ शकत नाहीत. आजची प्रणाली जाऊ शकते. आमचे म्हणणे इतकेच की, आरोग्याच्या कोणत्याही नोंदव्यवस्थेचे परीक्षण करताना ती किती माहिती साठवते आणि किती वेगाने वर पाठवते याच्या जोडीला आणखी एक कसोटी लावावी : या नोंदीमुळे कोणी रुग्णाच्या दारात परत जातो का? जनगणनेचा रकाना या कसोटीला उतरत नाही. वर्ध्याचे कार्ड, त्याच्या सर्व दोषांसह, उतरते. २००५ च्या यशाचा आकडा अर्धा उतरतो. 'आभा'विषयी उत्तर देण्याची वेळ अजून आलेली नाही. ते उत्तर सर्व्हरच्या खोलीत मिळणार नाही, गावातली आशा स्वयंसेविका आपल्या हातातल्या मोबाइलवर माहिती फक्त भरते की त्यावरून तिला कोणाकडे जायचे हेही कळते, यावरून ते ठरेल.

साहित्याच्या वर्गात आपण संहितेचा गर्भित वाचक शोधायला शिकवतो. त्या अभ्यासाला केसपेपर, रुग्णकार्ड, जन्म-मृत्यूची वही हे कागद परके मानू नयेत. विद्यार्थ्यांना एखाद्या तासाला माणसाच्या देहाच्या त्या दोन बाह्यरेखा फळ्यावर काढून दाखवाव्यात. पुढची बाजू, मागची बाजू, चेहरा कोरा. खूण कोणी केली, कोणासाठी केली आणि नंतर काय झाले, हे विचारायला सुरुवात तेथून करता येईल.